शाळेची बाग कोणाची?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, रात्रीची वीज आहे. त्यावर बोलणारे माझ्याआधी बोलले, माझ्यानंतरही बोलणार आहेत. माझ्या वाट्याला जो विषय आला आहे तो त्यांच्यापुढे पोरखेळ वाटेल. विषय आहे गावातल्या शाळेच्या बागेचा.

मी आधी दोन प्रश्न विचारतो. ज्यांच्या गावच्या शाळेत बागेसाठी म्हणून जागा सोडली आहे त्यांनी हात वर करा. सगळा मांडव वर झाला. आता त्यातल्या ज्या बागेत आज, या घडीला, खाण्याजोगं काही उभं आहे, तेवढेच हात वर ठेवा. पाच. सहा. बस, एवढेच. (हशा)

हसू नका, कारण ही आपलीच गोष्ट आहे. मेलेली बाग कशी दिसते ते तुम्हाला ठाऊक आहे. कुंपणाची तार अर्धी तुटलेली असते. फाटकावर उद्घाटनाची पाटी असते, तिच्यावरचं नाव मात्र शाबूत असतं. आत कंबरभर गाजरगवत. पावसाळ्याच्या तोंडाला वृक्षारोपण होतं, आणि गेल्या वर्षीचं रोप ज्या खड्ड्यात वाळलं त्याच खड्ड्यात यंदाचं लागतं. खड्डा मात्र जुना आणि अनुभवी! दिवाळीपर्यंत शेळ्या येऊन जातात आणि पुढचा पावसाळा येईतो सगळं विसरलं जातं.

का मरते ही बाग? कोणालाही विचारा, तीन उत्तरं मिळतात. माती नाही, मुरूम आहे. पाणी नाही. पैसा नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलो, त्यामुळे पहिली दोन कारणं मलाही खरी वाटायची. पण ज्या ठिकाणी माती मुळीच नव्हती, विहीर नव्हती आणि जागा स्वतःची नव्हती, तिथे लोकांनी बागा उभ्या केल्या. आणि आपल्याकडे धुऱ्यापलीकडे शेत आहे, गोठ्यात शेण आहे, तरी शाळेची बाग मरते. तेव्हा कारण दुसरंच असलं पाहिजे. ते कारण कळण्यासाठी मी तुम्हाला मुंबईला नेणार आहे.

मुंबई आपल्या कापसावर उभी आहे

तुम्ही म्हणाल, कोरडवाहू शेतकऱ्यानं मुंबईकडून शेती शिकायची? थोडं थांबा. मुंबई आपल्याला परकी नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी काढली. पुढे अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसावर मुंबईत पैशाचा पाऊस पडला. परळ, लालबाग, भायखळा या सगळ्या गिरणगावाची चिमणी आपल्या बोंडावर पेटली. रेल्वेच्या एका स्टेशनाचं नाव अजून कॉटन ग्रीन आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर आज काचेचे मनोरे उभे आहेत. कापूस पिकवणारा इकडे बुडाला, विणणारा तिकडे बुडाला.

आणखी एक आठवण देतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला गेले, त्यात आदिवासी फार होते. शेवटचा मुक्काम सोमय्या मैदानावर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला तर पोरांना परीक्षेला पोचता येणार नाही, म्हणून पायाला फोड आलेली ती माणसं रात्रीतच उठून आझाद मैदानाकडे चालत गेली. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. शाळेतल्या पोरासाठी शेतकरी आपली झोप मोडतो, ही त्या रात्रीची नोंद आहे. तर मग आपल्याच गावच्या शाळेसाठी आठवड्याला दोन तास का निघत नाहीत?

मातीशिवाय माती

आता मुंबईतल्या जागा पाहा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या शाळेचं अंगण म्हणजे दोन-चार टेंपो उभे राहतील एवढं. त्यावर फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक. कुदळ मारायला इंचभर जमीन मिळत नाही.

तिथे बाग करायची ती कशी, याचा धडा गोदीतल्या एका स्वयंपाकघरानं दिला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचं जेवण व्हायचं. सालं, देठं, उष्टं यांचा रोज ढीग पडायचा. तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी २००२ साली हा ढीग बाहेर टाकायचा बंद केला आणि वरच्या गच्चीवर नेला. गच्चीला मातीचं ओझं सोसत नाही. म्हणून त्यांनी माती नेलीच नाही, ती तिथे तयार केली. वाळलेला पालापाचोळा, उसाचा चोथा, स्वयंपाकघरातला ओला कचरा, आणि विरजणाला लागते तेवढीच माती. या थरांत भाज्या आल्या, फळझाडं आली. करणारे कोण? आचारी, वाढपी, सफाई कामगार.

हे तंत्र त्यांना कुठून मिळालं? ते आपलंच आहे. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार नावाचं जाळं विणलं. एका शेतकऱ्यानं आपल्या रानात करून पाहिलेलं दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्यानं ते आपल्या रानात तपासायचं. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी त्यातून नाव काढलं. दाभोलकर सांगत ते थोडक्यात असं की, झाड मातीच्या खोलीवर जगत नाही. ते पांढऱ्या मुळीवर जगतं, आणि पांढरी मुळी हवा, ओल आणि कुजलेला पाला जिथे असेल तिथे धावते. म्हणजे शेतकऱ्याचं शहाणपण कोल्हापूरहून मुंबईच्या गच्चीवर चढलं, आणि आपण ते अजून शाळेच्या मुरमात उतरवलेलं नाही.

पुढे याच विचाराच्या नागरिकांनी माटुंग्याला डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर मिळून शेत केलं. नोकरदार माणसं, गृहिणी, पोरं सुट्टीच्या दिवशी यायची, पाला अंथरायची, वाफे भरायची.

तिथून जवळच, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठाशी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकर. सत्तरच्या दशकापर्यंत ते मुंबईचं कचरा टाकण्याचं मैदान होतं. त्या ढिगावर १९८३ साली डॉ. सलीम अलींच्या हातून लागवड सुरू झाली, आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुलं झालं. म्हणजे मधली अकरा वर्षं जमिनीला दिली. आज तिथे दाट रान आहे, पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे, आणि शाळांची पोरं झाड ओळखायला तिथे येतात. आपल्या शाळेची जागा कितीही खराब असो, मुंबईच्या उकिरड्यापेक्षा खराब नाही ना?

आधी मोजा, मग मागा

माती झाली. आता दुसरी गोष्ट, मोजणीची. भायखळ्याची राणीची बाग तुम्ही ऐकली असेल. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली ती खुली झाली. आपण तिला वाघ-हत्तीची बाग समजतो, पण मुळात ती झाडांची बाग आहे. २००७ च्या सुमारास तिचा कायापालट करून मोठं आंतरराष्ट्रीय थाटाचं प्राणिसंग्रहालय करण्याची कोट्यवधींची योजना पुढे आली. काही नागरिक उठले, त्यात बायका आघाडीवर होत्या. झाडांची यादी हे त्यांच्या लढ्याचं बळ ठरलं. तीन हजारांवर झाडं, दोनशे ऐंशीच्या वर जाती. हा आकडा घेऊन त्या वारसा समितीपुढे गेल्या, वर्षानुवर्षं जात राहिल्या. ती योजना मूळ रूपात झाली नाही.

आपण काय करतो? "शाळेची बाग करा हो" असं निवेदन देतो आणि चहा पिऊन घरी येतो. तिथे आज काय आहे याची नोंद कोणाकडे आहे? जागा किती गुंठे? मुरूम किती खोल? सावली कुठल्या बाजूला, किती वाजता? जगलेली झाडं किती? छपराचं पाणी कुठे पडतं, हात धुतलेलं पाणी कुठे वाहून जातं? चौथीच्या पोरांना टेप आणि वही द्या. दोन दिवसांत नकाशा होतो, आणि गणिताचा तासही होतो. ज्याचा नकाशा आहे त्याच्या जागेवर कोणी उगाच खोली बांधत नाही, की ट्रॅक्टर उभा करत नाही.

वर्गणी, पावती आणि पाळी

तिसरी गोष्ट माणसांची. मुंबईच्या चाळीकडून घेण्यासारखं काही असेल तर ते मंडळ चालवणं. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालतो. किती पिढ्या झाल्या, मोजा. भाडेकरू बदलले, नोकऱ्या गेल्या, मुलं उपनगरात राहायला गेली. अशी मंडळं टिकतात ती कशावर? घरटी थोडी वर्गणी, तिची पावती, कामाच्या ठरलेल्या पाळ्या, आणि शेवटी सगळ्यांपुढे जमाखर्च. मोठी देणगी आली तर बरंच आहे, पण मंडळ चालतं ते लहान वर्गणीवर, कारण ज्यानं दहा रुपये दिले तो हिशेब विचारायला येतो.

आता आपल्या बागेकडे वळा. ती कोणाची आहे? हेडमास्तर म्हणतात पंचायतीची. सरपंच म्हणतात शिक्षण खात्याची. खातं म्हणतं, आम्ही परिपत्रक काढलं आहे. पालक म्हणतात मास्तरांची, आणि मास्तरांची तर बदली झाली! भावांनो, बाग मरते ते हे कारण. तहानेनं मरते हे खरं, पण पाणी घालायची पाळी कोणाची हे ठरलेलं नसतं म्हणून ती तहानलेली राहते. निवारस जमिनीत काँग्रेस गवतच उगवायचं.

आणि कायद्यानं वारस आहे, बरं का. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. म्हणजे आपण. या मांडवात अशा समितीवर सही करणारे कितीतरी जण बसलेले आहेत. पुढच्या सभेत एकच ठराव घ्या: बाग समितीची. तिच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर. महिन्याला कोण, आठवड्याला कोण, सुट्टीत कोण.

सेवाग्रामचं उदाहरण

आपल्या कापूसपट्ट्यातलंच एक उदाहरण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि नई तालीम मांडली: हाताचं काम हेच शिकण्याचं साधन. सेवाग्रामला तशी शाळा उभी राहिली. शेती, सूत, स्वयंपाक यांतून गणित आणि विज्ञान. पुढे ते काम ओसरलं, थांबलं. २००५ साली नई तालीम समितीनं त्याच परिसरात आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू केली, आणि तिथे बाग आणि शेती हा अभ्यासाचाच भाग आहे. सांगायचं एवढंच की, पडलेली गोष्ट पुन्हा उभी राहते.

इथे मला एक हरकत ठाऊक आहे, आणि ती रास्त आहे. आई म्हणते, "माझा जन्म निंदण्यात गेला. पोरीच्या हाती पुन्हा खुरपं द्यायला मी तिला शाळेत घातलं का?" तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाग म्हणजे पोरांची फुकट मजुरी होता कामा नये. मास्तरांच्या घरची भाजी होता कामा नये. आणि झाडू, घमेलं, शेण हे त्याच त्या चार घरच्या पोरांच्या हाती येत असेल, तर ती बाग वाळून गेलेलीच बरी. पाळी सगळ्यांना, पाटलाच्या पोरालाही. आणि खुरपं हाती असेल त्या तासाला वहीही हाती असली पाहिजे. बी किती टाकलं, किती उगवलं, शेकडा किती? हे लिहिणारी पोरगी निंदत नाही, ती शेतीचा हिशेब शिकते. आपल्या पिढीला तो कोणी शिकवला नाही.

दहा वाफ्यांचं गणित

आता कामाचं बोलू. सगळी जागा एकदम हिरवी करायला जाऊ नका. दहा फूट लांब, तीन फूट रुंद असे दहा वाफे करा. तीन फूट यासाठी की, लहान पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचावा आणि वाफ्यात पाय पडू नये.

माती करायची ती नाडेपच्या टाक्यात. हे तंत्रही आपल्या पुसदचं, नारायण देवराव पांढरीपांडे यांचं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. भोकं सोडून रचलेल्या विटांचं टाकं, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा, सतरा क्विंटलच्या आसपास चाळलेली कोरडी माती, आणि शेण फक्त नव्वद-शंभर किलो. थरावर थर, पाणी शिंपडून, वरून लिंपून. तीन-चार महिन्यांत खत. शाळेला निम्म्या मापाचं टाकं पुरे. पऱ्हाटी, तुऱ्हाटी, ज्वारीची धसकटं आपण धुऱ्यावर पेटवतो; तीच तिथे द्या. पऱ्हाटी मात्र आहे तशी शाळेत रचून ठेवू नका. तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात उतरते. बोंडं वेचून नष्ट करा, कुट्टी करा, लगेच टाक्यात घाला. कुट्टी कडक असते, नत्र कमी, म्हणून शेणकाल्यात आणि गोमूत्रात भिजवा.

आता पाणी. हिवाळ्यात एका वाफ्याला दिवसाला साधारण चौदा लिटर लागतं, दहा वाफ्यांना एकशे चाळीस. शाळेत शंभर पोरं जेवतात असं धरा. हात आणि ताट धुवायला पोरामागे दोन लिटर धरले तरी दोनशे लिटर रोज नालीत जातं. म्हणजे बागेचं पाणी शाळेतच आहे, फक्त त्याची वाट चुकली आहे. वाळू आणि विटांच्या तुकड्यांच्या खड्ड्यातून ते गाळा, केळी-कर्दळीच्या मुळातून जाऊ द्या, मग वाफ्याला घ्या. वर कुटाराचं किंवा पाल्याचं आच्छादन टाकलं तर आणखी कमी लागेल.

छपराचं पाणीही मोजा. हजार चौरस फूट टिनावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पासष्ट हजार लिटर होतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी बावन्न हजार उरतं. त्यातलं दहा हजार लिटरचं टाकं भरून ठेवता आलं, तर दहा वाफ्यांची सत्तर दिवसांची सोय झाली.

मग मे महिना. बहुतेक बागा उन्हाळ्याच्या सुट्टीत मरतात. आपल्याकडच्या उन्हाशी भांडू नका. एप्रिलमध्ये भाजी काढून घ्या, वाफ्यावर वीतभर पाला अंथरा आणि वाफे झोपवा. जगवायची ती फक्त काठाची झाडं: शेवगा, कढीपत्ता, लिंबू, हादगा. त्यांना आठवड्यातून दोनदा पाणी, ज्या घराची पाळी त्यानं. शाळा उघडते तेव्हा आपली पेरणीची वेळ होते. निसर्गानंच वेळापत्रक जुळवून ठेवलं आहे. पावसाळ्यात चवळी, भेंडी, गवार, अंबाडी, दोडका. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, सांबार, वांगी. शेळ्यांसाठी आधी बोरी-बाभळीच्या काट्या, आणि त्यांच्या आतून मेंदीची दाट ओळ. दोन-तीन वर्षांत तारेची गरज उरत नाही.

माल कुठे जाणार हे पहिल्याच दिवशी लिहून काढा. शाळेत शिजणाऱ्या पोषण आहाराच्या भांड्यात. खिचडीत शेवग्याचा पाला पडला, वरणात पालक पडला, की स्वयंपाक करणाऱ्या मावशी बागेच्या पहिल्या राखणदार होतात. त्या दिवशी किती किलो गेलं ते फळ्यावर लिहायचं.

आणि एक नियम मोडायचा नाही: शाळेच्या बागेत विष नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. शेतात काय फवारायचं हा वाद आपण दुसऱ्या दिवशी घालू. पोरांच्या हाताशी ती बाटली नको, रिकामीसुद्धा नको.

गावाची प्रयोगशाळा

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. कोरडवाहू शेतकरी प्रयोग का करत नाही? तो आळशी नाही, अडाणीही नाही. त्याच्याकडे चुकायची ऐपत नाही. पाच एकरांतला एक एकर प्रयोगात गेला तर बँकेचा हप्ता चुकतो, पोरीचं लग्न पुढे जातं. म्हणून तो दुकानदार सांगेल ते बी नेतो, शेजारी मारेल ते औषध मारतो.

शाळेच्या बागेत चुकलं तर कर्ज होत नाही. म्हणून ती गावाची प्रयोगशाळा आहे. दहातले दोन वाफे गावासाठी ठेवा. एकात नाडेपचं खत घालून ज्वारी, दुसऱ्यात खताशिवाय. पुढच्या वर्षी कापसाच्या ओळीत चवळी. कणसं मोजा, वजन करा, भिंतीवर लिहा. पोरं लिहितील आणि पारावरची माणसं वाचतील.

एक प्रयोग तर उद्याच करा, त्याला खर्च नाही. आपल्या शेतातलं एक वाळलेलं ढेकूळ घ्या. दुसरं जुन्या कडुनिंबाखालचं घ्या, जिथे वखर कधी फिरला नाही. दोन काचेच्या ग्लासांत पाणी घ्या आणि दोन्ही ढेकळं अलगद सोडा. शेतातलं ढेकूळ बहुधा बघता बघता विरघळेल, पाणी गढूळ होईल. झाडाखालचं बराच वेळ धरून बसेल. त्यात कुजलेल्या पाल्याचा चिकटपणा आहे, तोच कण धरून ठेवतो. पहिल्या जोरदार पावसात आपल्या शेताचं काय होतं आणि नाल्याला काळं पाणी का जातं, ते त्या ग्लासात दिसतं. आपल्या कोरडवाहू काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्धा टक्कासुद्धा उरलेला नाही, हे मी आकड्यात सांगितलं तर तुम्ही ऐकून घ्याल. तेच आठ वर्षांच्या पोरानं बापाला ग्लासात दाखवलं, तर तो बाप पऱ्हाटीला काडी लावण्याआधी एकदा तरी थांबेल.

भाव मिळवायचा आहे, तो आपण मिळवूच. पण भाव मिळेपर्यंत ज्या मातीत पिकवायचं ती उरली पाहिजे, आणि ज्या पोरांसाठी लढायचं त्यांना त्या मातीची ओळख असली पाहिजे. आज गावातला पोरगा शेती म्हणजे फक्त बापाचं कर्ज एवढंच ओळखतो.

म्हणून मागणी नाही, काम देतो. प्रत्येक तालुक्यानं एक शाळा धरायची. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यायचा, पोरांकडून नकाशा काढून घ्यायचा, पाळ्यांचा तक्ता लावायचा आणि नाडेपचं अर्धं टाकं भरायचं. पाटी लावू नका, पुढाऱ्याला बोलावू नका, फोटोची घाई नको. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तालुका प्रमुखानं बागेची वही सोबत आणायची. तिच्यात काय पेरलं, काय मेलं, काय शिजलं हे पोरांच्या अक्षरात लिहिलेलं असलं पाहिजे. ज्याची वही कोरी असेल त्यानंही ती आणावी. कुठे अडलं ते इथे बसून पाहू.

मी थांबतो. पुढचे वक्ते विजेवर बोलणार आहेत, आणि वीज रात्री येते, त्यामुळे त्यांना अजून वेळ आहे. (हशा)